प्लीहावृद्धीच्या मुळाशी : डॉ. रॉस्को ब्रॅडी यांचे संशोधन आणि वैद्याचे कर्तव्य

प्लीहावृद्धीचा बालरुग्ण आपल्यापैकी प्रत्येकाच्या दवाखान्यात केव्हा ना केव्हा आलेला असतो. पोट पुढे आलेले, हातपाय काटकुळे, चेहरा फिकट आणि डाव्या बरगडीखाली हाताला स्पष्ट लागणारी कठीण प्लीहा. असा रुग्ण समोर आला की हिवताप, कृमी, पांडू, यकृद्विकार या क्रमाने आपले विचारचक्र सुरू होते, आणि बहुतेक वेळा ते योग्य ठिकाणी येऊन थांबतेही. परंतु क्वचित एखादा रुग्ण असा असतो की ज्याच्या व्याधीचे मूळ आहारविहारात नसते, जंतूंतही नसते. ते बीजातच असते. अशा एका व्याधीचे मूळ शोधून काढण्यात आणि त्यावर उपचार सिद्ध करण्यात अमेरिकेतील एका संशोधकाने आपले सारे आयुष्य वेचले. डॉ. रॉस्को ब्रॅडी यांच्या त्या कार्याचा परिचय वैद्य बंधुभगिनींना करून द्यावा, आणि त्यातून आपल्या नित्य व्यवहाराला काय घ्यावयाचे ते मांडावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विषयाकडे मी वळलो तो केवळ वाचनाच्या ओढीने नव्हे. माझा दवाखाना सुरू होऊन चार-पाच वर्षे झाली होती, तेव्हा सहा वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आणण्यात आली. प्लीहा नाभीपर्यंत आलेली, रक्ताल्पता, वारंवार नाकातून रक्त येणे आणि रात्री मांड्यांची हाडे दुखणे ही तिची लक्षणे. मी प्लीहोदर आणि पांडू असे निदान करून रोहितकारिष्ट, पुनर्नवा मंडूर, आरोग्यवर्धिनी अशी योजना केली. हाडे दुखतात म्हणून अभ्यंग व स्वेद सांगितला. भूक थोडी सुधारली, तेवढ्यावर मी आणि तिचे आईवडील समाधान मानत राहिलो. अशी दोन वर्षे गेली. प्लीहा मात्र तसूभरही कमी झाली नाही, उलट वाढली. आईवडील एकमेकांची आते-मामे भावंडे होती, ही गोष्ट मला ठाऊक होती. परंतु तिचा अर्थ मला लागला नाही. पुढे मुंबईच्या एका रक्तविकारतज्ज्ञांनी एका रक्ततपासणीत निदान केले : गॉशे व्याधी.

व्याधीचा पूर्वेतिहास

फिलिप गॉशे हा पॅरिसमधील वैद्यकाचा विद्यार्थी. १८८२ मध्ये त्याने आपल्या प्रबंधात प्रचंड प्लीहावृद्धी असलेल्या एका स्त्रीचे वर्णन केले. मृत्यूनंतर तिच्या प्लीहेत त्यास फुगलेल्या, नेहमीपेक्षा कितीतरी मोठ्या पेशी आढळल्या. त्याने तो प्लीहेचा अर्बुद मानला. निरीक्षण अचूक होते, अनुमान चुकले होते. पुढे १९३४ मध्ये आगियाँ या फ्रेंच संशोधिकेने दाखवून दिले की या पेशींत साचलेला पदार्थ ग्लुकोसेरेब्रोसाइड, म्हणजे एका शर्करेशी जोडलेला स्नेहपदार्थ आहे.

हा पदार्थ परका नाही, विषारीही नाही. आपल्या सर्वांच्या शरीरात तो रोज निर्माण होतो. रक्तातील लाल व पांढऱ्या पेशी जीर्ण झाल्या की प्लीहा, यकृत व अस्थिमज्जा येथील भक्षक पेशी त्यांना गिळून टाकतात. त्या जीर्ण पेशींच्या आवरणातील स्नेहपदार्थ विघटित होताना मधल्या टप्प्यावर ग्लुकोसेरेब्रोसाइड तयार होतो. निरोगी शरीरात त्याचेही लगेच विघटन होते. येथे रक्तवह स्रोतसांचे मूळ यकृत व प्लीहा असल्याचे चरकाचार्यांचे प्रतिपादन वाचकांना आठवल्यावाचून राहणार नाही. रक्ताच्या जीर्णोद्धाराचा हा व्यवहार ज्या स्थानी चालतो, तेथेच या व्याधीचा संचय होतो.

पेशीतील हे विघटन जेथे होते त्या सूक्ष्म पिशवीचा शोध बेल्जियमचे ख्रिस्तियां द दुव यांनी १९५५ मध्ये लावला आणि तिला लायसोसोम हे नाव दिले. या कार्याबद्दल १९७४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. लायसोसोम म्हणजे पेशीचे जणू आमाशय. तेथे अनेक प्रकारची विकरे, म्हणजे एन्झाइम, असतात आणि प्रत्येक विकर एकेका ठराविक बंधाचे विघटन करते. एखादे विकर जन्मतःच सदोष असेल तर त्याचा पदार्थ विघटित न होता लायसोसोममध्ये साचत जातो. १९६३ मध्ये एच. जी. हेर्स यांनी पाँपे व्याधीत अशी उणीव प्रथम सिद्ध केली. अशा संचयजन्य व्याधींची संख्या आज सत्तरच्या आसपास धरली जाते.

ब्रॅडी यांचा मूळ प्रश्न

रॉस्को ब्रॅडी यांचा जन्म १९२३ मध्ये फिलाडेल्फिया येथे झाला. १९४७ मध्ये हार्वर्ड येथून त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. स्नेहपदार्थांचे रसायन हा त्यांचा अभ्यासविषय होता. १९५४ मध्ये ते बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रुजू झाले आणि अर्धशतकाहून अधिक काळ तेथेच राहिले.

गॉशे व्याधीकडे वळताना त्यांनी विचारलेला प्रश्न अगदी साधा होता. एखाद्या घरात धान्याच्या राशी साचल्या असतील तर त्याची कारणे दोनच : धान्य फार येते आहे, किंवा ते खपत नाही. रुग्णाच्या शरीरात ग्लुकोसेरेब्रोसाइड अधिक तयार होतो, की त्याचे विघटन होत नाही? या प्रश्नाचे उत्तर तर्काने नव्हे, प्रयोगाने द्यावयाचे त्यांनी ठरवले. रुग्णांच्या काढलेल्या प्लीहेचे पातळ काप घेऊन त्यांनी पाहिले, तर पदार्थाची निर्मिती सर्वसाधारणच होती. म्हणजे पहिली शक्यता निकालात निघाली.

दुसरी शक्यता तपासण्यासाठी किरणोत्सर्गी कार्बनची खूण लावलेला ग्लुकोसेरेब्रोसाइड हवा होता. तो कृत्रिम रीतीने तयार करण्यात डेव्हिड शापिरो या इस्रायली रसायनशास्त्रज्ञाचे साहाय्य झाले. निरोगी प्लीहेच्या ऊतीने हा पदार्थ सहज विघटित केला. रुग्णांच्या ऊतीत हे विघटन अत्यंत मंद होते. ग्लुकोसेरेब्रोसिडेझ या विकराची उणीव हेच व्याधीचे कारण, हा निष्कर्ष १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या रुग्णांत विकराचा काही अंश शिल्लक होता त्यांचा व्याधी सौम्य, ज्यांत तो फारच अल्प त्यांचा तीव्र, असाही संबंध पुढे दिसून आला.

लगोलग १९६६ मध्ये नीमन-पिक आणि १९६७ मध्ये फॅब्री या व्याधींतील विकरांची उणीवही ब्रॅडी यांच्या चमूने शोधून काढली. आणखी एक गोष्ट त्यांनी साधली, आणि व्यवहाराच्या दृष्टीने ती तितकीच मोलाची आहे. निदानासाठी प्लीहेचा वा यकृताचा तुकडा काढण्याची गरज त्यांनी संपवली. रक्तातील पांढऱ्या पेशींत हे विकर मोजता येते, हे त्यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिले. माझ्या रुग्णेचे निदान एका नळीभर रक्तावर झाले, ते या कार्यामुळेच.

पंचवीस वर्षांची प्रतीक्षा

उणीव ज्याची, ते बाहेरून द्यावे, हा विचार ब्रॅडी यांनी १९६६ मध्येच मांडला. परंतु विचार आणि उपचार यांत पंचवीस वर्षांचे अंतर पडले.

पहिली अडचण विकर मिळवण्याची. ते मानवी ऊतीतूनच घेणे आवश्यक होते. प्रसूतीनंतर टाकून दिली जाणारी अपरा, म्हणजे वार, हा स्रोत निवडण्यात आला. १९७४ मध्ये दोन रुग्णांना शुद्ध केलेले विकर शिरेवाटे देण्यात आले. यकृतातील साचलेला पदार्थ काही प्रमाणात घटला. आशा निर्माण झाली. परंतु पुढील प्रयत्नांत हे यश सातत्याने दिसेना.

कारण शोधता लक्षात आले की औषध योग्य होते, पण योग्य स्थानी पोहोचत नव्हते. शिरेतून दिलेले विकर यकृताच्या मुख्य पेशी उचलून घेत. ज्या भक्षक पेशींत संचय होता, त्यांना अल्प भागच मिळे. भक्षक पेशींच्या पृष्ठभागावर मॅनोज या शर्करेला ओळखणारा ग्राहक असतो. म्हणून विकराला जोडलेल्या शर्करांच्या साखळीतील बाहेरच्या शर्करा एकामागून एक काढून टाकण्यात आल्या, जेणेकरून आतील मॅनोज उघडा पडावा. आता भक्षक पेशी ते विकर ओळखून स्वतःच आत घेऊ लागल्या. योगवाही द्रव्य आणि अनुपान यांच्या योजनेने औषध इष्ट स्थानी नेण्याची कल्पना आपणांस अपरिचित नाही. येथे ती अणूच्या पातळीवर प्रयोगसिद्ध झाली.

सुधारित विकर प्रथम एका लहान मुलाला देण्यात आले. त्याचे हिमोग्लोबिन वाढले, प्लीहा लहान झाली; विकर थांबवले तेव्हा स्थिती पुन्हा खालावली, पुन्हा सुरू केले तेव्हा सुधारली. त्यानंतर बारा रुग्णांवर चाचणी झाली. दर दोन आठवड्यांनी विकर दिल्यावर बाराही रुग्णांचे हिमोग्लोबिन वाढले. ही चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत या औषधास मान्यता मिळाली.

एका रुग्णाच्या एका वर्षाच्या औषधासाठी सुमारे वीस हजार अपरा लागत, यावरून त्या उद्योगाची व्याप्ती ध्यानात यावी. १९९४ मध्ये हॅमस्टर या प्राण्याच्या संवर्धित पेशींत मानवी जनुक घालून विकर तयार करण्यात यश आले आणि अपरांवरचे अवलंबन संपले. किंमत मात्र उतरली नाही. जगातील अत्यंत महागड्या औषधांत त्याची गणना होत राहिली.

ब्रॅडी यांना १९८२ मध्ये एलिझाबेथ न्यूफेल्ड यांच्यासमवेत लास्कर पुरस्कार मिळाला. न्यूफेल्ड यांचेही कार्य लक्षणीय आहे. हर्लर आणि हंटर या दोन भिन्न व्याधींच्या रुग्णांच्या पेशी एकत्र वाढवल्या असता त्या एकमेकींचा दोष दुरुस्त करतात, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये दाखवले. एका पेशीने बाहेर टाकलेले विकर दुसरी पेशी आत घेऊ शकते, या शोधाने बाहेरून विकर देण्याच्या कल्पनेस भक्कम आधार मिळाला. ब्रॅडी २०१६ मध्ये वयाच्या ९२ व्या वर्षी निवर्तले.

या उपचाराची मर्यादाही सांगितली पाहिजे. शिरेवाटे दिलेले विकर मेंदूत शिरू शकत नाही. म्हणून गॉशे व्याधीच्या पहिल्या, म्हणजे मेंदू सुरक्षित असलेल्या प्रकारात त्याचा उत्तम उपयोग होतो. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांतील मज्जासंस्थेची लक्षणे त्याने हटत नाहीत. तसेच एकदा गेलेले हाड परत येत नाही. उपचार वेळेत सुरू होण्याचे महत्त्व येथेच आहे.

आयुर्वेदीय दृष्टीने विचार

बीजदोषजन्य व्याधींची कल्पना आपल्या संहितांत स्पष्ट आहे. सुश्रुताचार्यांनी व्याधींचे वर्गीकरण करताना शुक्र-शोणितदोषांतून उद्भवणारे आदिबलप्रवृत्त व्याधी निराळे सांगितले. बीजाचा जो भाग दुष्ट होईल त्यापासून होणाऱ्या अवयवात विकृती येते, असे चरकाच्या शारीरस्थानात प्रतिपादन आहे. कुलज विकारांना त्यांनी असाध्य म्हटले. त्याच स्थानातील एका अध्यायाचे नावच अतुल्यगोत्रीय आहे, हेही विसरता येणार नाही.

तथापि, येथे एक सावधगिरी मला आवश्यक वाटते. ग्लुकोसेरेब्रोसिडेझची उणीव म्हणजे धात्वग्निमांद्य, आणि साचलेला पदार्थ म्हणजे आम, असे समीकरण मांडण्याचा मोह आपल्याला होतो. मलाही झाला होता. साम्य मनोरम आहे. पण त्या समीकरणाने निघणारी चिकित्सा, म्हणजे दीपन-पाचन, या व्याधीत संचय दूर करू शकत नाही. मंद झालेला अग्नी प्रदीप्त करता येतो. परंतु जे विकर घडवण्याची कृतीच बीजात चुकीची लिहिलेली आहे, ते कोणत्याही कषायाने निर्माण होणार नाही. असाध्य व्याधीत चिकित्सा करणाऱ्या वैद्याच्या यशाची व कीर्तीची हानी होते, असे शास्त्र सांगते. मी म्हणेन, वैद्याची कीर्ती गेली तर हरकत नाही; रुग्णाचा काळ जातो, तो परत येत नाही.

दवाखान्यात काय पाहावे

हे व्याधी विरळ आहेत. गॉशे व्याधीचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येत साधारणतः ५० हजार जन्मांत एक असे धरतात. तरीही आपल्या देशाची लोकसंख्या ध्यानात घेता असे रुग्ण आपल्या दारी येतच असतात. पुढील गोष्टींकडे लक्ष असावे :

१. हिवताप, यकृद्विकार व सिकलसेल, थॅलेसेमिया यांसारखे रक्तविकार वगळल्यावरही टिकून राहणारी प्लीहावृद्धी, सोबत रक्ताल्पता, बिंबाणू कमी असणे, सहज रक्तस्राव, हाडांची वेदना, उंची खुंटणे. असा रुग्ण गॉशे व्याधीचा असू शकतो.

२. मुलाचा चेहरा वयानुसार जाडसर व ठसठशीत होत जाणे, बोटे आखडणे, वारंवार हर्निया, बुबुळावर धूसरपणा, पाठीला बाक. हर्लर, हंटर व त्या गटातील व्याधींचा विचार करावा.

३. बालवयापासून तळहात-तळपायांचा असह्य दाह, घाम न येणे, कमरेभोवती बारीक तांबडे-काळसर ठिपके. केवळ पित्तप्रकोप म्हणून वर्षानुवर्षे शीत उपचार करण्यापूर्वी फॅब्री व्याधी आठवावा.

४. काही महिन्यांचे अर्भक अत्यंत लुळे, श्वासास कष्ट आणि छातीच्या चित्रात हृदय मोठे. पाँपे व्याधीची शंका घेऊन तत्काळ पाठवावे.

५. शिकलेली गोष्ट मूल विसरू लागणे, म्हणजे बसणारे मूल बसेनासे होणे. हे लक्षण कधीही उपेक्षू नये.

या सर्वांच्या जोडीला कुलवृत्त विचारावे. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत अनेक समाजांत आहे. गॉशेसह बहुतेक लायसोसोम व्याधींत आई व वडील दोघेही स्वतः निरोगी राहून दोषाचे वाहक असतात. अशा दांपत्याच्या प्रत्येक गर्भधारणेत अपत्यास व्याधी होण्याची शक्यता चारात एक असते. एक अपत्य रुग्ण झाले म्हणून पुढची तीन निरोगी होतील, असा याचा अर्थ नव्हे. प्रत्येक वेळी हिशोब नव्याने मांडावा लागतो. फॅब्री व हंटर यांचा दोष मात्र एक्स गुणसूत्रावरचा, म्हणजे बहुधा आईकडून मुलाकडे येणारा असतो. रुग्णाचा जनुकदोष आधी निश्चित झाला असेल, तर पुढील गर्भधारणेत पहिल्या तिमाहीच्या अखेरीस गर्भाचे परीक्षण करता येते.

आणखी एक सूचना. गॉशे व्याधीची शंका असताना केवळ मोठी झाली म्हणून प्लीहा काढून टाकण्याची घाई होऊ नये. प्लीहा गेल्यावर संचयाचा भार यकृत व अस्थींवर पडतो, हे अनुभवसिद्ध आहे.

शंकित रुग्णास जनुकविज्ञानाचा विभाग असलेल्या रुग्णालयात पाठवावे. केंद्र सरकारचे दुर्मीळ आजारांसाठीचे राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये जाहीर झाले. त्याखालील उत्कृष्टता केंद्रांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाचा समावेश आहे. अशा केंद्रात नोंद झालेल्या पात्र रुग्णासाठी मदतीची मर्यादा २०२२ मध्ये ५० लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. आयुष्यभर घ्यावयाच्या औषधाला ही रक्कम पुरणारी नाही, हे खरे. परंतु निदानच झाले नाही तर हे दारही उघडत नाही.

निदान व उपचार मार्गी लागल्यावर वैद्याचे काम संपत नाही. बल, आहार, निद्रा, मनोधैर्य यांचे रक्षण आपणच करावयाचे. मात्र कोणतेही औषध देताना विकराचा उपचार करणाऱ्या तज्ज्ञांस विश्वासात घ्यावे, आणि आपल्या औषधाने विकराचे काम होईल असा भ्रम कुटुंबास देऊ नये.

समारोप

माझ्या त्या रुग्णेस निदानानंतर औषध उत्पादकांच्या धर्मादाय योजनेतून विकर मिळू लागले. दीड वर्षात तिची प्लीहा निम्म्याहून कमी झाली, नाकातून रक्त येणे थांबले. परंतु मी अभ्यंग सांगत असतानाच्या त्या दोन वर्षांत तिच्या उजव्या खुब्याचे हाड रक्तपुरवठ्याअभावी खराब झाले होते. ती आज शिकते आहे, नोकरीची स्वप्ने पाहते आहे. पण चालताना लंगडते.

त्याच दोन वर्षांत तिला एक भाऊ झाला. चारात एक ही गोष्ट त्या आईवडिलांना कोणी सांगितली नव्हती; सांगावयास मीच होतो. मुलगा निरोगी निघाला. हे त्यांचे सुदैव. त्यात माझे काही नव्हते.

ब्रॅडी यांच्या कार्यातून मी घेतलेला बोध एवढाच. साचलेले दिसले की ते उपसण्याच्या मागे न लागता ते का साचते, हे आधी विचारावे. निदानानंतर चिकित्सा, हा क्रम आपल्या शास्त्राचाही आहे. दोन-तीन महिन्यांच्या सुयोग्य चिकित्सेनंतरही ज्या बालकाची प्लीहा उतरत नाही, त्याच्या आईवडिलांना त्यांचे परस्परांशी नाते काय, हे विचारावे आणि त्याच दिवशी रक्ततपासणीसाठी पत्र लिहून द्यावे, अशी माझी वाचक वैद्यांस नम्र विनंती आहे.